सही करण्याआधी अर्ज वाचावा
'बोटो-३' या क्लायंट लायब्ररीचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. एखाद्या प्रयोगपेटीचे किंवा सूक्ष्मदर्शकाचे परीक्षणही अधूनमधून वाचनात येते. संगणकाच्या आज्ञावल्यांबाबत मात्र 'चालते की नाही' एवढाच प्रश्न विचारला जातो. वास्तविक आज्ञावली हेही कोणीतरी कोणासाठी तरी केलेले लेखन असते. त्यात काय सांगायचे, काय गाळायचे आणि काय सोपे करून दाखवायचे याचे निर्णय घेतलेले असतात. त्या निर्णयांचा परिणाम शिकणाऱ्याच्या समजुतीवर होतो, म्हणून त्यांचे परीक्षण व्हायला हवे.

अकरावी-बारावीच्या अनेक अभ्यासक्रमांत आता पायथॉन ही भाषा आली आहे. ती थोडीफार आल्यावर जो विद्यार्थी क्लाऊड संगणनाकडे वळतो, त्याची गाठ बहुधा 'बोटो-३' या लायब्ररीशी पडते. ॲमेझॉन कंपनीच्या ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या सेवा पायथॉनमधून चालवण्यासाठी ती वापरतात. येथे तिचे परीक्षण एकाच प्रश्नाभोवती केले आहे. ही लायब्ररी काम सोपे करते यात शंका नाही. पण सोपे करताना ती आपल्यापासून काय लपवते?

भाड्याचा संगणक

क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत असलेले, इंटरनेटवरून भाड्याने घेता येणारे संगणक आणि साठवणीची जागा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ साली क्लाऊडची व्याख्या प्रसिद्ध केली. तिच्यात पाच लक्षणे आहेत. ग्राहकाला कोणाला न भेटता हवे तेव्हा साधन घेता यावे, ते जाळ्यावरून मिळावे, साधने अनेकांत वाटून वापरली जावीत, ती झटपट कमीजास्त करता यावीत आणि वापर मोजला जावा. यातले पहिले आणि शेवटचे लक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मध्ये माणूस नसतो आणि मीटर चालू असतो.

ॲमेझॉनची 'एस-३' ही साठवणीची सेवा मार्च २००६ मध्ये सुरू झाली. भाड्याने संगणक देणारी 'ईसी-२' त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाचणी स्वरूपात आली. सुरुवातीचा दर एका गिगाबाइटला महिन्याला १५ सेंट आणि एका लहान संगणकाला तासाला १० सेंट असा होता. भाडे तासाच्या हिशेबात आणि मागणी आज्ञावलीतून, हे तेव्हा नवे होते. सर्व्हर घ्यायचा म्हणजे निविदा, मंजुरी, खरेदी आणि जोडणी असा काही आठवड्यांचा कारभार. तो काही ओळींच्या आज्ञावलीत आला.

अर्ज लिहून देणारा

या सेवांशी बोलण्याचा मूळ मार्ग म्हणजे ठरावीक नमुन्यात लिहिलेली विनंती इंटरनेटवरून पाठवणे. ती हाताने लिहिणे शक्य असते, पण फार किचकट. तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून बसणारे अर्जनवीस आपण पाहिलेले असतात. कोणत्या कामाला कोणता नमुना, मायना काय, तिकीट कोठे लावायचे, कोणत्या खिडकीवर जायचे हे त्यांना पाठ असते. आपण फक्त काम सांगतो. क्लायंट लायब्ररी हा असाच अर्जनवीस आहे. ती आपल्या संगणकावर असते. आपण पायथॉनमध्ये एक फंक्शन वापरतो, ती त्याचा रीतसर अर्ज करते, त्यावर सही करते, योग्य पत्त्यावर पोचवते आणि आलेले उत्तर पायथॉनला समजेल अशा रूपात परत देते.

यातला सहीचा भाग वर्गात सांगण्याजोगा आहे. ग्राहकाला दोन गोष्टी मिळतात : एक ओळखक्रमांक आणि एक गुप्त किल्ली. ही किल्ली जाळ्यावरून कधीच पाठवली जात नाही. लायब्ररी अर्जाचा मजकूर, तारीख, प्रदेश आणि सेवेचे नाव यांची किल्लीशी 'एचमॅक-एसएचए-२५६' या गणिती पद्धतीने सांगड घालते आणि त्यातून २५६ बिटांची एक संख्या निघते. तीच सही. पलीकडे कंपनीजवळही ती किल्ली असते. तेथे तेच गणित पुन्हा केले जाते आणि उत्तर जुळले तर अर्ज खरा मानला जातो. अर्जातले एक अक्षर जरी वाटेत बदलले तरी सही जुळत नाही. अर्जावर वेळही असते. एस-३ च्या बाबतीत ती खऱ्या वेळेपेक्षा १५ मिनिटांहून अधिक मागेपुढे असली तर अर्ज नाकारला जातो. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकाचे घड्याळ चुकलेले असेल, तर निर्दोष आज्ञावलीही चालत नाही याचे कारण हे आहे.

नाव आणि घडण

मूळ 'बोटो' मिच गारनाट यांनी लिहिली. बोटो हे ॲमेझॉन नदीतल्या गोड्या पाण्यातल्या डॉल्फिनचे नाव आहे. कंपनीच्या नावाशी नाते जोडून त्यांनी ते घेतले. जुन्या बोटोत प्रत्येक सेवेसाठीचा मजकूर हाताने लिहिलेला होता. सेवा वाढत गेल्या तसे ते काम आवाक्याबाहेर जाऊ लागले. जून २०१५ मध्ये सर्वसाधारण वापरासाठी आलेल्या बोटो-३ ची रचना म्हणून वेगळी आहे. प्रत्येक सेवेत कोणत्या क्रिया आहेत, त्यांना कोणती माहिती लागते, उत्तर कसे येते याची वर्णने तक्त्यांच्या फाइलींत ठेवलेली असतात. आज्ञावली चालू झाल्यावर ही वर्णने वाचून फंक्शने तयार होतात. या गाभ्याला 'बोटोकोअर' म्हणतात. नवी सेवा आली की मुख्यतः नवे वर्णन घालायचे, एवढेच काम उरते.

या घडणीचा फायदा उघड आहे. शेकडो सेवा एकाच साच्यातून हाताळता येतात, आणि एक सेवा शिकलेल्याला दुसरीची रीत अनोळखी वाटत नाही. तोटा थोडा उशिरा ध्यानात येतो. अर्जनवीस कचेरीच्या नमुन्याशी प्रामाणिक आहे. नमुन्यातच जे वेडेवाकडे असेल ते तो जसेच्या तसे आपल्यापुढे ठेवतो. त्याची मार्गदर्शक पुस्तिकाही बरीचशी त्याच वर्णनांतून तयार झालेली. तिच्यात प्रत्येक रकाना सापडतो, पण कोणता रकाना महत्त्वाचा आणि कोणता घातक हे नवख्याला कळत नाही.

जमेच्या बाजू

दोष सांगण्याआधी गुण नीट सांगितले पाहिजेत, कारण ते मोठे आहेत. सहीचे गणित स्वतः लिहायला गेलेल्याला त्याची किंमत चटकन कळते. दुसरा गुण चिकाटीचा. जाळ्यात अडथळा आला किंवा पलीकडून 'आता गर्दी आहे' असे उत्तर आले, तर लायब्ररी थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करते. मानक पद्धतीत पहिला धरून ३ प्रयत्न होतात. दोन प्रयत्नांमधले अंतर वाढत जाते आणि त्यात थोडा यदृच्छेचा भाग मिसळलेला असतो. सगळ्या ग्राहकांनी एकाच क्षणी पुन्हा खिडकीवर गर्दी करू नये, हा त्यामागचा विचार.

पुन्हा प्रयत्न करण्यात एक धोका असतो. 'एक संगणक चालू करा' हा अर्ज पोचला, संगणक चालू झाला, पण पोच वाटेत हरवली असे समजा. लायब्ररीने तोच अर्ज पुन्हा पाठवला तर दोन संगणक चालू होतील. यावर उपाय म्हणून अर्जावर एक वेगळी खूणसंख्या घालतात. तीच खूण दुसऱ्यांदा आली तर पलीकडची यंत्रणा नवा संगणक देत नाही, पहिल्याचीच पोच देते. आपण खूण दिली नाही तर बोटो-३ ती स्वतः घालते. ही काळजी बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, आणि येण्याची गरजही नाही. लपवण्याजोगे ते लपवावे, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तिसरा गुण 'वेटर' या सोयीचा. संगणक मागितला म्हणजे तो लगेच चालू होतो असे नाही. वेटर दर १५ सेकंदांनी विचारपूस करतो आणि ४० वेळा विचारूनही काम झाले नसेल, म्हणजे १० मिनिटांनी, त्रुटी कळवतो. नवखा विद्यार्थी हेच काम न थांबता विचारत राहणाऱ्या चक्राने करतो आणि गर्दीत भर घालतो.

दोन तोंडे

बोटो-३ ला दोन तोंडे आहेत. एकाचे नाव 'क्लायंट', दुसऱ्याचे 'रिसोर्स'. क्लायंटमध्ये अर्जाचा साचा दिसतो : क्रियेचे नाव, तिचे रकाने, आणि उत्तरादाखल नोंदींचा एक गठ्ठा. लिहायला ते लांबट आणि रुक्ष वाटते. रिसोर्सचे तोंड देखणे आहे. तेथे दूरचा संगणक पायथॉनमधली साधी वस्तू होऊन येतो. त्याची अवस्था विचारायची तर नावापुढे टिंब देऊन 'स्टेट' लिहावे. साठवणीची पेटी, म्हणजे 'बकेट', ही तर एखाद्या यादीसारखी वापरता येते. शिकवायला हेच तोंड सोयीचे वाटते आणि अनेक प्राथमिक पाठ येथूनच सुरू होतात.

माझा मुख्य आक्षेप याच देखण्या तोंडावर आहे. १९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतल्या जिम वाल्डो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी वितरित संगणनावर एक टिपण लिहिले. जवळची वस्तू आणि जाळ्यापलीकडची वस्तू सारखीच आहे असे भासवणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. लागणारा वेळ, स्मृतीपर्यंतची पोच, अर्धवट अपयश आणि एकाच वेळी चालणारी अनेक कामे, या चार बाबतींत दोन्हींत मूलभूत फरक आहे आणि तो कोणत्याही कौशल्याने पुसता येत नाही. बोटो-३ चे रिसोर्स तोंड हा फरक पुसण्याचाच प्रयत्न करते.

पहिली गोष्ट वेळ. मुंबईहून अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियापर्यंतचे सरळ अंतर सुमारे १३,००० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन २६,००० किलोमीटरला कमीत कमी ०.१३ सेकंद लागणारच. प्रत्यक्षातल्या केबल वळणावळणांच्या असल्याने अधिक. सेकंदाला ३ अब्ज ठोके देणाऱ्या प्रोसेसरचे तेवढ्या वेळात ३९ कोटी ठोके होतात. आता शाळेच्या स्नेहसंमेलनाची १,२४० छायाचित्रे तेथे ठेवली आहेत आणि विद्यार्थ्याने एका चक्रात प्रत्येकाचा प्रकार विचारला असे समजा. लिहिताना ते एका टिंबाचे काम दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक टिंबामागे एक फेरी होते. १,२४० फेऱ्यांना किमान १६१ सेकंद, म्हणजे अडीच मिनिटांहून जास्त लागतात. आपली आज्ञावली इतकी हळू का, हे त्या मुलाला आज्ञावली वाचून कळणार नाही, कारण फेरी तिच्यात लिहिलेलीच नाही.

दुसरी गोष्ट शिळ्या माहितीची. रिसोर्सकडे संगणकाची अवस्था प्रथम विचारली की ती पलीकडून आणली जाते आणि जपून ठेवली जाते. पुढच्या वेळी विचारले तर जपलेलीच सांगितली जाते. मध्यंतरी तो संगणक दुसऱ्या मार्गाने बंद केला गेला असला, तरी दहा मिनिटांनी विचारल्यावरही उत्तर 'चालू आहे' असेच येते. 'रीलोड' ही वेगळी आज्ञा दिल्यावरच ताजी अवस्था कळते. फळ्यावर लिहिलेली हजेरी आणि वर्गात बसलेली मुले यांतला हा फरक आहे. क्लायंटच्या तोंडाने बोलताना असा गैरसमज होत नाही, कारण तेथे प्रत्येक विचारणा ही उघड विचारणा असते.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. एका पेटीतल्या सर्व वस्तू नष्ट करायच्या असतील तर रिसोर्समध्ये 'बकेट', 'ऑब्जेक्ट्स', 'ऑल' आणि 'डिलीट' हे चार शब्द टिंबांनी जोडले की झाले. कोणी काही विचारत नाही. सगळ्याऐवजी ठरावीक नावाने सुरू होणाऱ्या वस्तू काढायच्या तर 'ऑल'च्या जागी गाळणी लावतात आणि तिला नावाचा आरंभ सांगतात. पण तो आरंभ ज्या चलात ठेवायचा, ते चल चुकून रिकामे राहिले तर? रिकाम्या अक्षरमालेने प्रत्येक नाव सुरू होते, असे गणित सांगते. म्हणून सगळ्या वस्तू जातात. तर्कात चूक नाही, त्रुटीचा संदेश नाही, आणि पेटी रिकामी. पेटीवर जुन्या प्रती जपण्याची सोय आधीच चालू केलेली असेल तर माहिती परत मिळते, नाही तर नाही.

एक गोष्ट रिसोर्सच्या बाजूने सांगायला हवी. लांबलचक यादीची पाने तो स्वतः उलटतो, क्लायंटसारखा पहिल्या पानावर थांबत नाही. तरीही, बोटो-३ च्या कर्त्यांनीच या तोंडात यापुढे नव्या सोयी घालण्याचा विचार नाही असे आपल्या पुस्तिकेत नमूद केले आहे. जुन्या सोयी चालू राहतील, भर मात्र क्लायंटमध्येच पडेल. नव्याने शिकवणाऱ्याने कोठून सुरुवात करावी याचे उत्तर त्यातही मिळते.

न बोललेल्या गोष्टी

क्लायंटचे तोंड प्रामाणिक असले तरी सर्व काही बोलून दाखवते असे नाही. पेटीतल्या वस्तूंची यादी मागितली तर एका उत्तरात जास्तीत जास्त १,००० नावे येतात. वरच्या उदाहरणातल्या १,२४० छायाचित्रांची मोजणी १,००० भरते. 'यादी अपुरी आहे' असे सांगणारी नोंद उत्तरात असते, पण ती वाचणे आपल्यावर सोडलेले असते. यादीची पाने आपोआप उलटणारा 'पेजिनेटर' लायब्ररीत आहे. पण साधे फंक्शन समोर आणि पेजिनेटर मागच्या दालनात, अशी मांडणी असल्याने नवखा माणूस साधेच उचलतो. ५० वस्तूंवर तपासलेली त्याची आज्ञावली बरोबर ठरते, आणि चूक दिसते ती पुढे, हजाराच्या पलीकडे.

यश आणि अपयश यांच्या खुणाही एकसारख्या नाहीत. एका अर्जात १,००० पर्यंत वस्तू नष्ट करता येतात. त्यांतल्या काहींना परवानगी नसेल तर त्या तशाच राहतात, तरी अर्जाचे उत्तर एकंदरीत 'ठीक' असेच येते आणि पायथॉनमध्ये त्रुटी उठत नाही. न झालेल्यांची नावे उत्तराच्या पोटात वेगळ्या यादीत असतात. उलट ईसी-२ च्या रंगीत तालमीचा प्रकार पाहा. 'प्रत्यक्ष काही करू नका, करता येईल की नाही तेवढे सांगा' असा रकाना तेथे आहे. फार उपयुक्त सोय. पण करता येत असेल तर उत्तर त्रुटीच्या रूपाने येते! परवानगी नसेल तर वेगळ्या नावाची त्रुटी येते. एकीकडे अपयशावर 'ठीक' आणि दुसरीकडे यशावर त्रुटी, हा कचेरीच्या नमुन्याचा दोष अर्जनविसाने जसाच्या तसा पुढे केला आहे. शिवाय ही तालीम फक्त परवानगी तपासते, खर्च किंवा परिणाम सांगत नाही.

नसलेली वस्तू नष्ट करायला सांगितली तर एस-३ 'काम झाले' म्हणते. यामागचे कारण योग्य आहे. अर्ज दोनदा गेला तरी निकाल एकच राहावा, म्हणून तसे ठेवले आहे. पण वस्तूचे नाव लिहिताना चूक झाली असेल तर तीही 'काम झाले' या उत्तराखाली झाकली जाते. ही दोन टोके एकदम साधता येत नाहीत. विद्यार्थ्याला त्यातली निवड समजावून सांगितली पाहिजे.

प्रदेशाचेही तसेच. ॲमेझॉनचा मुंबई प्रदेश जून २०१६ मध्ये आणि हैदराबाद प्रदेश नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. क्लायंट ज्या प्रदेशासाठी तयार केला, त्याच प्रदेशातले संगणक तो दाखवतो. एकदा व्हर्जिनियात संगणक चालू करून नंतर मुंबईत यादी मागितली तर यादी रिकामी येते. विद्यार्थी निश्चिंत होतो, पण व्हर्जिनियातले मीटर चालूच राहते.

आणि शेवटी पैसा. संगणक चालू करण्याच्या अर्जात 'कमीत कमी किती' आणि 'जास्तीत जास्त किती' असे दोन रकाने आहेत. तेथे १ लिहायला जेवढे श्रम, तेवढेच १० लिहायला. उत्तरात कितीतरी नोंदी येतात. दर त्यात नसतो. दरांची चौकशी करायची तर त्यासाठी वेगळी सेवा आहे. संगणक 'थांबवला' तरी त्याला जोडलेल्या साठवणीचे भाडे चालू राहते, हेही उत्तर सांगत नाही. खात्यावरच्या मर्यादेमुळे फार मोठा आकडा अडवला जाऊ शकतो, पण ती मर्यादा शाळेच्या खिशाकडे पाहून ठरवलेली नसते. मोजलेला वापर हे क्लाऊडचे मूळ लक्षण. तेच लक्षण लायब्ररीच्या रोजच्या बोलण्यात कोठे येत नाही, ही या रचनेतली सर्वांत मोठी उणीव मला वाटते.

एका चुकीच्या आकड्याची किंमत

हे सर्व नवशिक्यांचे प्रश्न आहेत असे कोणी म्हणेल. २८ फेब्रुवारी २०१७ ची घटना त्याला उत्तर देते. उत्तर व्हर्जिनियातल्या एस-३ ची हिशेबाची यंत्रणा हळू चालत होती. तिची तपासणी करताना एका अधिकृत कर्मचाऱ्याने, ठरलेल्या कार्यपद्धतीनुसारच, काही थोडे सर्व्हर काढून घेण्याची आज्ञा दिली. आज्ञेतला एक रकाना चुकला आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. त्यांवर एस-३ च्या दोन मूलभूत उपयंत्रणा अवलंबून होत्या. त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू कराव्या लागल्या. तेथील वेळेनुसार सकाळी ९.३७ ला सुरू झालेला हा प्रकार दुपारी १.५४ ला संपला. तोवर एस-३ वर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे अडली. सेवांची स्थिती दाखवणारा कंपनीचा स्वतःचा फलकही काही काळ बदलता येईना, कारण त्याचा कारभारही एस-३ वर चालत होता.

ही आज्ञा बोटो-३ मधून दिली गेली नव्हती. ते कंपनीचे अंतर्गत साधन होते. पण कंपनीने नंतर जी सुधारणा जाहीर केली ती आपल्या विषयाला लागू पडते. कर्मचाऱ्याला दोष देऊन प्रकरण मिटवले नाही, तर साधनच बदलले. सर्व्हर आता सावकाश काढले जातील आणि कोणतीही उपयंत्रणा तिच्या किमान क्षमतेखाली जाऊ लागली तर साधन नकार देईल, असे ठरवले. तज्ज्ञांच्या साधनाला असा नकार देता यावा लागतो. तर शिकाऊ मुलाच्या हातातल्या साधनाने 'तुम्ही १,२४० वस्तू नष्ट करत आहात' एवढे तरी सांगावे, ही अपेक्षा फार नाही. आज ते काम आपल्यालाच करावे लागते. संगणकाला नाशापासून संरक्षण, पेटीला जुन्या प्रतींची सोय, खात्याला मर्यादित परवानगी, हे सर्व उपाय सेवेत आहेत, पण ते आधी मागावे लागतात.

दुसरा मार्ग

एका कंपनीच्या नमुन्यांत अडकू नये म्हणून वेगळा प्रयत्नही झाला आहे. 'लिबक्लाऊड' ही लायब्ररी २००९ साली सुरू झाली आणि २०११ पासून ती अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पूर्ण प्रकल्प आहे. अनेक कंपन्यांच्या सेवा एकाच शब्दसंग्रहाने चालवाव्यात, हा तिचा उद्देश. संगणकांची यादी, नवा संगणक, संगणक नष्ट करणे, यांसाठी सर्वत्र एकच फंक्शन. पण कंपन्यांच्या सोयी सारख्या नाहीत. म्हणून एखाद्या कंपनीपुरते जे असेल त्याच्या नावाआधी 'ईएक्स' ही अक्षरे लावण्याची रीत तिने ठेवली. खऱ्या कामात अशी अक्षरे बरीच येऊ लागतात आणि एकवाक्यता कमी होते. तरी या रीतीचे मला कौतुक वाटते. जेथे सारखेपणा संपतो तेथे ती पाटी लावते. बोटो-३ च्या रिसोर्स तोंडाने जवळचे आणि दूरचे यांच्या सीमेवर अशी एखादी पाटी लावली असती, तर माझे निम्मे आक्षेप उरले नसते.

वर्गात वापरताना

एवढे दोष सांगितल्यावर बोटो-३ शिकवू नये असा निष्कर्ष कोणी काढू नये. ती मुक्त परवान्याखाली मिळते, तिचा मजकूर उघडून वाचता येतो, आणि सही, फेरप्रयत्न, खूणसंख्या या कल्पना शिकवायला तिच्याइतके हाताशी असलेले साधन क्वचितच मिळेल. फक्त क्रम बदलावा.

पहिले काही तास खरे खाते उघडूच नये. 'मोटो' नावाची एक मुक्त लायब्ररी आहे. ती ॲमेझॉनच्या सेवांचे सोंग आपल्याच संगणकावर घेते. बोटो-३ ला वाटते आपण कचेरीत अर्ज देत आहोत, पण कचेरी टेबलावरच असते. इंटरनेट नको, बँकेचे कार्ड नको, बिल नाही. तेथे मुलांना १,२४० वस्तूंची पेटी तयार करू द्या, साध्या फंक्शनने मोजू द्या, आणि १,००० हे उत्तर का आले ते शोधू द्या. रिकाम्या आरंभाची गाळणी लावून सगळी पेटी रिकामी होताना एकदा पाहू द्या. खऱ्या खात्यावर जी चूक महाग पडेल ती येथे फुकट करता येते.

नंतर क्लायंटच्या तोंडाने शिकवावे. बोटो-३ ला बारीक नोंदी छापायला सांगता येते. मग पाठवलेला अर्ज, त्यावरची सही आणि आलेले उत्तर पडद्यावर दिसतात. एक अर्ज वर्गात ओळीओळीने वाचावा. गुप्त किल्ली आज्ञावलीत लिहू नये, हा नियम पहिल्याच दिवशी घालावा. लायब्ररी ती वेगळ्या फाइलीतून किंवा संगणकाच्या पर्यावरण-चलांतून उचलते, म्हणून आज्ञावलीत लिहिण्याची गरजच नसते. प्रत्येक आज्ञेआधी मुलांनी चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत : हे कोणत्या प्रदेशात घडेल? किती वस्तूंवर घडेल? अर्धेच घडले तर मला कसे कळेल? याचे मीटर कधी थांबेल? नष्ट करण्याच्या आज्ञेआधी तर यादी छापून, संख्या पाहून, मगच पुढे जाण्याची दोन-तीन ओळींची सवय लावावी.

कचेरीबाहेरचा चांगला अर्जनवीस अर्ज लिहून झाल्यावर तो मोठ्याने वाचून दाखवतो आणि मगच अंगठा किंवा सही घेतो. बोटो-३ लिहिते उत्तम, पोचवते उत्तम, पण वाचून दाखवत नाही. ते काम तूर्त शिक्षकाकडे आहे. विद्यार्थ्यांना ही लायब्ररी जरूर द्यावी, आणि तिच्याबरोबर अर्ज वाचण्याची सवयही द्यावी.